गावात किराणा टाकायचाय, पण उधारीची धास्ती वाटते

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही 31 वर्षांचे, नाशिकच्या सातपूरला कंपनीत कामाला. घर सावळघाट उतरल्यावर पेठ तालुक्यातल्या एका गावात. घरच्याच जागेत रस्त्याला लागून दोन गाळे बांधून तयार आहेत, हाताशी 4 लाख आहेत, आणि नोकरी सोडून किराणा टाकायचा विचार आहे. गावात आधीच दोन दुकानं आहेत. तुम्ही विचारलंय, "पहिल्याच दिवशी 'उधार बंद' असा बोर्ड लावला तर चालेल का? नाहीतर दोन वर्षांत भांडवल वहीत जाईल." आणि शेवटी हळूच विचारलंय की इतकी वर्षं शहरात काढल्यावर गाव आपलं मानेल का.

मी सुरगाणा तालुक्यात 2001 पासून किराणा आणि पिठाची गिरणी चालवते. आधी आम्ही दोघं बसायचो, आता हे शेतीकडे असतात आणि गल्ल्यावर मी. त्यामुळे जे सांगते ते आमच्या बाजूचं. तुमचं गाव हायवेला लागून असेल तर गणित थोडं वेगळं, आतल्या पाड्यावर असेल तर बरंचसं आमच्यासारखं. वणीच्या गडाच्या वाटेवर असतात तर चैत्रात आणि नवरात्रात नुसत्या पाण्याच्या बाटल्यांवर महिना निघाला असता, पण तो धंदा निराळा.

तुमचा प्रश्न उधारीचा दिसतो, पण माझ्या मते अडचण वेगळी आहे. तुम्ही पगाराच्या माणसासारखा विचार करताय. पगार दर महिन्याला येतो, म्हणून महिन्याचा किराणा महिन्यात फिटला पाहिजे असं तुम्हाला वाटतं. आपल्या भागात पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. खाणं मात्र रोजचं. या दोन्हींच्या मधली जी फट आहे, ती गावचा दुकानदार भरतो. म्हणून उधार बंद केलीत तर दुकानात फक्त ज्यांच्याकडे आज पैसा आहे तेच येणार, आणि ज्याच्याकडे आज पैसा आहे तो बाजाराच्या दिवशी पेठला किंवा नाशिकला जाऊन स्वस्तात घेतो. तुमच्याकडे येईल ती काडेपेटी आणि वेफरचा पुडा घ्यायला.

बोर्डाचं आमचंच सांगते. पहिल्या वर्षी ह्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून लावला होता, 'उधार मागून लाजवू नये'. अक्षर सुंदर आलं होतं, मला फार आवडलं होतं. श्रावणात एका रात्री दहा-साडेदहाला वरच्या पाड्यावरचे एक बाबा दुकानासमोर येऊन उभे राहिले. पाऊस चालू होता. दुकानात दिवा होता, आम्ही आत माल लावत होतो. त्यांची बायको गेली होती, कापड आणि उदबत्ती हवी होती. त्यांनी बोर्ड पाहिला, थोडा वेळ उभे राहिले आणि 3 किलोमीटर चालत दुसऱ्या गावच्या दुकानात गेले. आम्हाला दुसऱ्या दिवशी मयतीला गेल्यावर कळलं. कोणी आम्हाला एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं. बोर्ड त्याच दिवशी उतरवला. त्याच फळीचा पुढे साबणाचा कप्पा केला, मागच्या बाजूला अजून ती अक्षरं आहेत.

तेव्हापासून मयताचं सामान मी कायम एका पिशवीत बांधून ठेवते आणि त्याची नोंद वहीत करत नाही. घरचे लोक दहावं झालं की स्वतः येऊन देतात. इतक्या वर्षांत एकानेही बुडवलं नाही.

आता उधार द्यायची तर कशी, ते.

आधी गावात पैसा कधी येतो याचं कॅलेंडर मांडा. भिंतीवरचं नाही, तुमच्या गावाचं. आमच्याकडे साधारण असं चालतं. जूनच्या पावसाबरोबर घरातला पैसा बियाण्याला आणि शाळेला जातो. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, माणसं चिखलात, हातात दमडी नाही. ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात कडक. सरकारनेसुद्धा आदिवासी भागासाठी खावटीची योजना काढली ती याच पावसाळी महिन्यांच्या अडचणीसाठी, म्हणजे हे काही मी एकटीच सांगत नाही. मग दसऱ्याच्या आसपास उडीद निघतो, पहिला पैसा दिसतो. त्याच सुमाराला द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू होते आणि दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव, निफाडकडे मजुरांच्या टोळ्या निघतात. दिवाळीनंतर भात झोडून होतो, नागली आणि खुरासणी (तेलबी) येते. हतगड-बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरीवाले असतील तर त्यांना डिसेंबरपासून पुढे तीन-चार महिने रोजचा पैसा. द्राक्षमळ्यातली माणसं होळीला हमखास घरी येतात. आपल्याकडे दिवाळीपेक्षा होळी मोठी, हे तुम्हाला सांगायला नको. होळीच्या आधीच्या बाजारात जेवढा पैसा फिरतो तेवढा वर्षात कधी फिरत नाही. मग मोह, मे महिन्यात आंबा, द्राक्षाच्या उन्हाळी म्हणजे खरड छाटणीची मजुरी, लग्नं, आणि पुन्हा पाऊस.

पेठ-सुरगाण्यात वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल आला की बायका हंड्यांच्या रांगेत. पैशाचंही तसंच आहे. येतो तेव्हा भरभरून येतो, राहत नाही.

हे कॅलेंडर डोक्यात बसलं की उधारीची वही वेगळी दिसायला लागते. माझ्या वहीत प्रत्येक पानावर वर नाव असतं आणि नावाखाली एक शब्द असतो, 'उडदावर', 'भातावर', 'छाटणीवर', 'होळीवर', 'पगारावर'. हा शब्द मी ठरवत नाही, गिऱ्हाईक सांगतो. पहिल्यांदा उधार घेताना मी एवढंच विचारते, "कशावर मांडू?" तो सांगतो, "छाटणीवर मांड बाई." झालं. आता त्याला जुलै-ऑगस्टमध्ये पैसे मागण्यात काही अर्थ नाही, आणि नोव्हेंबरमध्ये न मागण्यातही नाही. किती उधार आहे यापेक्षा ती कधी फिटणार हे लिहिलेलं असणं जास्त महत्त्वाचं. ज्याला हा शब्द सांगता येत नाही, नुसतं "देऊ की" म्हणतो, त्याला मी थोडक्यात आटोपते. 200 रुपयांचा माल देते, पुढचं पान उघडत नाही.

लिहिण्याची पद्धत. माल देताना मी मोठ्याने बोलत लिहिते, "तेल एक पिशवी, मीठ एक, चहा दहाचा, साबण दोन." गिऱ्हाईक ऐकतं आणि तिथेच हो म्हणतं. एक छोटी वही त्याच्या घरी असते, तीत तेच लिहून देते. माझ्या वहीत एक आणि त्याच्या वहीत दुसरं असं कधी झालं तर मी त्याचं धरते. वर्षात एखाद्या वेळी 40-50 रुपयांचा फरक पडतो, पण 'बाईच्या वहीत पेन जास्त चालतं' असं एकदा गावात झालं की ते मिटवायला दहा वर्षं लागतात. आता पोरं म्हणतात ॲपवर कर. केलंय, महिन्याच्या शेवटी आकडे त्यात टाकते. पण ॲपचा मेसेज ज्या फोनवर जातो तो फोन मुलाकडे असतो, आणि मुलगा निफाडला. कागदाची वही चुलीजवळच्या फळीवर असते, आजीलाही ती कुठली ते माहीत असतं.

उधार कशाला द्यायची याचीही रेघ मारा. तेल, मीठ, डाळ, चहा, साखर, साबण, कांदे-बटाटे, शाळेची वही, डोकेदुखीची गोळी हे उधार. थंड पेय, वेफर, मोबाइलचा रिचार्ज, पावडर-क्रीम हे रोख. हे सगळ्यांना सारखं, सरपंचालाही. गुटख्याची तर भानगडच नको, राज्यात 2012 पासून बंदी आहे. तरी माल आणून देणारे भेटतील, 'सगळे ठेवतात' म्हणतील. ठेवू नका. ज्या दुकानात पोरं गुटख्याला उभी राहतात तिथे बायका ओट्यावर बसत नाहीत, आणि दुकान बायकांवर चालतं.

आता तुमचे 4 लाख. माझ्या अंदाजाने सुरुवातीला तुमची महिन्याची विक्री दीड लाखाच्या आत-बाहेर राहील. पावसाच्या चार महिन्यांत त्यातली साधारण 40 टक्के उधारीवर जाईल, म्हणजे महिन्याला 60 हजार, चार महिन्यांचे 2 लाख 40 हजार. त्यातले तिसरा हिस्सा मधूनमधून येतच राहतात, कोणाला रोजगार हमीचे जमा होतात, कोणी बकरी विकतो. म्हणजे दसऱ्याला वहीत 1 लाख 60 हजार उभे असतील. रॅक, काटा, छोटा फ्रिज, पत्रे आणि वायरिंग मिळून 90 हजार धरा. राहिले दीड लाख, तेवढाच माल भरा. लोक काय करतात, 4 लाख आहेत म्हणून साडेतीन लाखांचा माल भरतात, दुकान दिसायला भरगच्च होतं, आणि ऑगस्टमध्ये नाशिकच्या रविवार कारंज्याच्या होलसेलवाल्याला द्यायला पैसे नसतात. मग तो व्यापारी उधारीवर देतो, पण भाव त्याचा. बऱ्याचदा भांडवल वहीत बुडत नाही, असं होलसेलवाल्याच्या भावात झिजतं.

आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं. बासमतीची गोणी आणली होती. अडीच महिन्यांनी उंदरांनी फोडली, तेवढंच तिचं गिऱ्हाईक.

काय विकलं जातं हेही बदललंय. जानेवारी 2023 पासून रेशनचं धान्य मोफत आहे, अंत्योदयला कुटुंबाला 35 किलो, बाकीच्यांना माणशी 5 किलो. त्यामुळे गहू-तांदळाची विक्री आमच्याकडे जवळजवळ संपली. आधी मला वाईट वाटलं, मग लक्षात आलं की धान्याचे वाचलेले पैसे तेलाकडे, मसाल्याकडे, पोरांच्या खाऊकडे आलेत. दुसरं, जुलै 2024 पासून लाडकी बहीणचे 1500 रुपये सुरू झाले. ते कधी वेळेवर, कधी दोन हप्ते एकदम, पण आले की बायका स्वतः येऊन स्वतःच्या नावाचं पान मागतात. आधी पान नवऱ्याच्या नावावर असायचं. आता माझ्या वहीत बरीच पानं बायकांच्या नावाची आहेत, आणि ती वेळेत फिटतात. तुम्ही सुरुवातच तशी करा.

त्यावरून आठवलं, जमलं तर बँकेचं आधारवर पैसे काढून देण्याचं मशीन ठेवा. कमिशन फार नाही, पण पेठपर्यंतचं जीपभाडं आणि एक रोज वाचतो म्हणून माणूस तुमच्याकडे येतो, आणि पैसे काढलेल्या जागीच अर्धी उधारी फेडून जातो. दोन अडचणी आहेत. नेटवर्क, ते आमच्याकडे गिरणीच्या मागच्या पायरीवर येतं, म्हणून मशीनही तिथेच ठेवलंय. आणि अंगठे. आवणीच्या दिवसांत चिखलाने आणि दगडधोंड्याच्या कामाने अंगठ्याच्या रेषा पुसटतात, मशीन 'जुळत नाही' म्हणतं. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून पाहायचं. तरीही नाही झालं तर वैतागू नका, म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. आणि पैसे त्यांच्या हातात द्या, सगळे मोजून. उधारीचे परस्पर कापून उरलेले देऊ नका, कितीही मोह झाला तरी. त्यांनी हातात घेऊन मग तुम्हाला द्यायचे. पैसे तेवढेच, पण त्यात फार फरक आहे.

धान्यावर किराणा हा दुसरा नाजूक विषय. दिवाळीनंतर बायका पिशवीत नागली, भात, उडीद घेऊन येतील, "हे घे आणि तेल दे." घ्या, पण आधी वजन करा, मग भाव सांगा, मग रक्कम लिहा, मग त्यातून किराणा वजा करा. पायलीने घेऊन किलोने विकायचं हे आपल्या भागातल्या जुन्या दुकानदारांचं पाप आहे, त्यांच्या नावाने अजून शिव्या ऐकू येतात. नागलीचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 4,886 रुपये आहे. माल चांगला असेल तर तुम्ही त्याच्या खूप खाली मागू नका. आदिवासी विकास महामंडळाचं खरेदी केंद्र जवळ असेल तर गिऱ्हाईकाला स्वतःहून सांगा की तिकडे जा. "तिकडे विक, मग माझे दे," असं मी दोघा-तिघांना सांगितलं, आणि ते आले. काटा इलेक्ट्रॉनिक घ्या, दरवर्षी वजनमाप विभागाचा शिक्का मारून घ्या आणि आकडा गिऱ्हाईकाला दिसेल असा ठेवा.

रोख पैसे व्याजाने मात्र कोणालाही देऊ नका. मागतील. दवाखान्याला, लग्नाला, रात्री-बेरात्री येऊन मागतील. परवान्याशिवाय सावकारी हा 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, इथे ग्रामसभेचंही या गोष्टीवर लक्ष असतं. कायदा बाजूला ठेवला तरी, व्याज लावलंत की तुम्ही दुकानदार राहत नाही. अगदीच जीवावरचं असेल तर हजार-दोन हजार तसेच द्या, परत आले तर आले. जमिनीचा कागद, दागिना, बैल यातलं काहीही ठेवून घेऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होतच नाही, तरी 'कसायला घेतली' या नावाखाली चालतं, आणि त्यातून गावं तुटतात.

वसुलीचं शेवटी सगळे विचारतात. माझा एक अनुभव सांगते. खालच्या आळीतला एक जण, 3,400 रुपये राहिले होते, पान 'छाटणीवर'. त्या वर्षी अवकाळीत बागा गेल्या, टोळीला काम कमी मिळालं. दिवाळी झाली, तो आला नाही. मग लक्षात आलं की तो आमच्या दारावरून जातच नाही, ओढ्याच्या अंगाने फिरून जातो आणि दुसऱ्या दुकानातून रोखीने घेतो. म्हणजे 3,400 अडकले ते अडकले, वर महिन्याचं हजार-बाराशेचं गिऱ्हाईक गेलं. हे म्हणाले घरी जाऊन मागतो. मी नको म्हटलं. त्याची बायको गिरणीवर आली तेव्हा दळण देताना सांगितलं, "त्यांना म्हण, जुनं होळीला बघू, पण तेल माझ्याकडून ने." पुढच्या आठवड्यात तो आला, मान खाली. होळीला 2,000 दिले, उरलेले आंब्यावर दिले. आता त्याचा मुलगा येतो.

सगळे असे येत नाहीत. दरवर्षी माझे 10-12 हजार बुडतात. कोणी कायमचा गुजरातेत जातो, कोणाचं घर फुटतं, कोणी सरळ खोटं बोलतो. मी ते गाळ्याचं भाडं धरते, कारण गाळा घरचा आहे. पण एक पाळते, चारचौघांत मागत नाही. बाजारात नाही, लग्नात नाही, जावयासमोर तर मुळीच नाही. आणि एका घराची उधारी त्या घराच्या दीड महिन्याच्या किराण्यापलीकडे जाऊ देत नाही. रक्कम मोठी झाली की माणूस फेडायचं सोडून टाळायला लागतो. म्हणजे हात आखडायचा तो त्याच्याही भल्यासाठी.

छाटणीला जाणाऱ्या टोळीचं वेगळं. 15-20 माणसं एकदम महिन्याभराचा शिधा नेतात, तेल, डाळ, मिरची, मीठ. तो माल मुकादमाच्या नावावर मांडायचा, माणसांच्या नाही. मुकादम मळ्यावरून पैसे उचलतो, त्याला फेडणं सोपं जातं. पण मुकादम निवडून. ज्याची टोळी दरवर्षी तीच असते तो चांगला. ज्याची माणसं दरवर्षी बदलतात, त्याने कोणाचे तरी पैसे ठेवलेले असतात.

दुसऱ्या गाळ्याचं तुम्ही काही लिहिलं नाही. गावात गिरणी नसेल किंवा एकच असेल तर गिरणी टाका. थ्री फेज लागेल, तिची वेळ आधी वायरमनला विचारून घ्या, नाहीतर मोटर बसवून रात्री दोनला दळायची वेळ येते. रेशनचा गहू आणि घरची नागली दोन्ही दळायला येतात, त्यात क्रम सांभाळावा लागतो. मी सकाळी तांदूळ, मग गहू आणि दुपारनंतर नागली घेते. उलटं केलं तर पांढऱ्या पिठात लाल ठिपके येतात आणि बाई बरोबर ओळखते, "आधी कोणाची नागली काढलीस?" पावसाळ्यात धान्य सर्द असतं, दगडाला चिकटतं, तेव्हा घरून तव्यावर जरा गरम करून आणायला सांगायचं. गिरणीत पैसा थोडा, पण बायका आठवड्याला येतात, अर्धा तास बसतात, आणि गावात कोणाचं काय चाललंय ते तुम्हाला न विचारता कळतं. कोणाची टोळी परत आली, कोणाच्या घरी आजारपण आहे. मला उधारीचे निम्मे निर्णय त्या ओट्यावर सुचलेत.

आधीच्या दोन दुकानदारांची भीती बाळगू नका, पण सुरू करण्याआधी दोघांकडे चहाला जा. भाव पाडून गिऱ्हाईक ओढायचं मनात आणू नका. साखरेत दोन रुपये सोडून तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक एक महिना ओढाल, मग ते सोडतील तीन. त्यापेक्षा ते काय ठेवत नाहीत ते बघा. आमच्याकडे पाइपचे सांधे, खिळे, बॅटरी, छत्रीच्या काड्या कोणी ठेवत नव्हतं, मी ठेवल्या. आणि घाटात दरड आली, रस्ता दोन दिवस बंद पडला की हेच शेजारी उपयोगी पडतात. माझी साखर संपली तेव्हा समोरच्यांनी अर्धी गोणी दिली, त्यांचं तेल संपलं तेव्हा मी खोका दिला. आम्ही दोघं भावात भांडतो, पण जून ते सप्टेंबर नाही.

गाव आपलं मानेल का, याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. वर्गणी द्या, सप्त्याला द्या, बोहाड्याला, म्हणजे सोंगांच्या उत्सवाला द्या, डोंगऱ्यादेवाचं व्रत धरलेल्या माउल्या दारात आल्या तर धान्य द्या. आकडा पहिल्या वर्षीच ठरवा आणि सगळ्या आळ्यांना सारखा ठेवा. एका देवळाला जास्त आणि दुसऱ्याला कमी झालं की ते वर्षभर ऐकावं लागतं. पण वर्गणीने फार काही होत नाही, ती सगळेच देतात. फोन चार्जिंगला लावून देणं, एसटीत बसणाऱ्याची पिशवी सांभाळणं, दाखल्याचा फॉर्म भरून देणं, शाळेतून आलेल्या पोराला आई येईपर्यंत ओट्यावर बसवणं, याने माणसं बांधली जातात. यात तुमचे रोज दोन तास जातील आणि त्यांचं बिल होत नाही. तुमचा स्वभाव असा नसेल, सगळ्याचा हिशोब लागत असेल, तर खरंच सांगते, नोकरी सोडू नका.

तसंच, गल्ल्यावर कोण बसणार हे आधी ठरवा. तुम्ही नाशिकहून माल आणायला गेलात की दुकान आईने उघडं ठेवायला हवं. आईला हिशोब येत नसला तरी चालेल, माणसं ओळखता येतात ना? आमच्या सासूबाई खडूने दारावर रेघा मारायच्या, संध्याकाळी मी वहीत उतरवायचे. एकदाही चुकल्या नाहीत.

कागदांची फार भीती नको. अन्न सुरक्षेची नोंदणी आणि उद्यम नोंदणी ऑनलाइन होते. 20 पेक्षा कमी कामगार असतील तर दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ग्रामपंचायतीचा दाखला मात्र आधी घ्या, तो नसला की वीजजोडणीपासून सगळं अडतं.

कधी सुरू करू, असं विचारलंत तर मी होळीच्या तीन आठवडे आधी सांगेन. दिवाळीला करायची पद्धत आहे, पण दिवाळीत टोळ्या छाटणीवर असतात, गाव अर्धं रिकामं. होळीला सगळे घरी असतात, हातात रोख असते. होळी, लग्नसराई, आंबा असे तीन-चार महिने तुम्हाला रोखीचे मिळतील, माणसं कळतील, आणि मग जूनमध्ये वही उघडायची तेव्हा कोणाला किती हे तुम्हाला माहीत असेल. नोकरीवर शक्य असेल तर तोवर बिनपगारी रजा घ्या, राजीनामा जूनमध्ये.

आणि गाळ्यांचं तोंड पश्चिमेला असेल तर पावसाची झड थेट रॅकपर्यंत येते. रंग, नावाची पाटी नंतर करा, आधी पुढे पत्र्याची पडवी काढा. चांगली आठ फूट, खाली बसायला ओटा येईल एवढी.